चव्वेचाळीस इंच

तळघराला खिडकी पाडल्याशिवाय
माणसाला तिथं झोपवता येत नाही,
असा डुलुथ नगरपालिकेचा नियम.
म्हणून वैजूनं अंगण खणून घेतलं,
भिंत कापून घेतली, खड्ड्याला पत्र्याचं कडं बसवलं,
आणि परवा ओस्टरगार्ड नावाचा गृहस्थ आला टेप घेऊन.

फरशीपासून खिडकीची कड
चव्वेचाळीस इंचांच्या वर नको.
भरली त्रेचाळीस. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं,
माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं,
आणि कागदावर लिहिलं : ईग्रेस, ओके.

मी म्हटलं, आणि इन्ग्रेस?
तो म्हणाला, आत यायला जिना आहे की.

बत्तीस वर्षं कराडच्या कचेरीबाहेर
मी दस्त लिहिले. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र.
इंग्रजी मसुद्यात हे दोन शब्द कायम शेजारी असायचे,
सामाईक खातेदारांसारखे.
एकाची सही झाल्याशिवाय दुसऱ्याला मोल नाही.
इथं पहिल्यांदाच पाहिला, एकटा.

मी मराठीत लिहायचो :
सदर मिळकतीस जाण्यायेण्याची वहिवाट
उत्तरेकडील बांधावरून पूर्वापार चालत आलेली आहे.
जाणं आधी. येणं मागून.
कोणत्याही वकिलानं हरकत घेतली नाही,
आणि मलाही हे सुचलं ते आत्ता,
रात्री तीन वाजता, बॉयलरच्या घरघरीत.

नातवानं विचारलं, ईग्रेसला मराठीत काय, आजोबा?
म्हटलं, निघणं.
तो तयारच होता. म्हणाला, पण शर्टाचा डाग निघतो,
तू म्हणतोस खोकल्यात रात्र निघाली,
आई म्हणते विषय निघालाच आहे तर सांगते,
आणि तुझा तो दत्तोबा पैलवान, जो साधा वाटायचा
आणि भामटा निघाला,
हे सगळे या खिडकीतून बाहेर पडणार?
दहा वर्षांचा आहे निषाद. वकील होईल.

त्याला एक सांगितलं नाही.
त्याची आजी रिक्षात बसताना
पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, येते.
मीही सवयीनं म्हटलं, ये.
आमच्यात जाते म्हणत नाहीत.
इतके करार लिहिले या हातानं,
पण त्यात मुदत घालायची राहिली.

ओस्टरगार्ड जाताना समजावून गेला :
आग लागली तरच हं. एरवी ही खिडकी
नुसती उजेडाला.
उजेड येतो. सरोवराकडून येतो, करडा,
मासळीच्या पाठीसारखा. दुपारी दोनपर्यंत टिकतो.

आज सकाळी पडदा सारला
तर काचेपलीकडच्या खड्ड्यात एक बेडूक.
माझ्या सुटकेसाठी खणलेल्या जागेत पडलेला.
चारही दिशांना पत्रा. चतुःसीमा स्पष्ट,
वाट कुठंही नमूद नाही.
उडी मारायचा, निम्म्यावरून घसरायचा,
मग बराच वेळ बसून राहायचा,
तारीख पडल्यासारखा.

वैजू ऑफिसला गेलेली. मी जिन्यानं वर गेलो,
गराजमधून एक फळी काढली, सुतळीचे आडवे पीळ बांधले
पाय रोवायला, आणि तिरकी सोडली खाली.
पालथा पडून. थंडी हाडात जात होती.
शेजारची बाई कुत्रा थांबवून म्हणाली, आर यू ओके?
म्हटलं, रस्त्याचं काम चाललंय.

दुपारी पाहिलं, फळी ओली, खड्डा रिकामा.
संध्याकाळी पाहिलं, परत तिथंच.
तोच, किंवा त्याचा कुणी वारस.

फळी काढलेली नाही.
पडू दे थोडी वहिवाट.